गाद्यांच्या दुकानातून बोलतेय

२ फेब्रुवारी

मला बढती मिळाली! खुर्ची तीच, काउंटर तोच, पाठीमागे रचलेला गाद्यांचा डोंगरही तोच, पण आजपासून दुकानाचा फोन माझ्या ताब्यात. मालकांच्या सुनेला डॉक्टरांनी बाळ होईपर्यंत पडून राहायला सांगितलंय, त्यामुळे सोशल मीडियावरचं दुकानाचं खातं आता मी सांभाळायचं. तिने पलंगावर पडल्या पडल्या मला फोनवरून धडे दिले.

"मावशी, नुसते गाद्यांचे फोटो टाकून कोणी बघत नाही. लोकांच्या पोस्टवर जायचं, चार शब्द बोलायचे. दुकानाचं नाव सारखं दिसत राहिलं पाहिजे."

"कोणत्या लोकांच्या?"

"कोणत्याही."

"ओळख नसताना?"

"मावशी, तिथे कोणाचीच कोणाशी ओळख नसते."

मला तर आकाश ठेंगणं झालं. आयुष्यभर लोकांनी मला हेच ऐकवलं, अगं अनोळखी माणसांशी किती बोलशील! रांगेत, लिफ्टमध्ये, दातांच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं असतानासुद्धा. ताई तर रांगेत मुद्दाम माझ्यापासून दोन माणसं सोडून उभी राहते. आणि आज तेच माझं काम झालं!

घरी येऊन ताईला सगळं रंगवून सांगितलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. हॉस्पिटलात नर्स होती, गेल्या वर्षी निवृत्त झाली. आम्ही दोघीच इथे दोन खोल्यांत राहतो, एक तिची, एक माझी. ती फोनवर शब्दकोडं सोडवत होती. मान वर न करता म्हणाली, "नोंद घेतली." तिचं सगळ्याला हेच उत्तर. वॉर्डातली सवय. घराला आग लागली तरी ताई आधी नोंद घेईल.

३ फेब्रुवारी

पहिलाच दिवस आणि पहिलंच भांडण. कोणा अनोळखी बाईने मुलीच्या लग्नाचा फोटो टाकला होता. खाली सगळ्यांचं "सुंदर", "अभिनंदन", "सुंदर". म्हटलं, आपण जरा मनापासून लिहावं. लिहिलं, "नवरी फारच गोड. मागे निळ्या कोटातले गृहस्थ मात्र फोटोच्या वेळी पोट आत घ्यायला विसरलेले दिसतात."

निळ्या कोटातले गृहस्थ नवरीचे वडील निघाले. त्यांनी स्वतः उत्तर दिलं. "तुम्ही कोण?"

आता ह्याला काय उत्तर द्यायचं? मी लिहिलं, "गाद्यांच्या दुकानातून बोलतेय."

संध्याकाळी ताईला दाखवलं. तिने चष्मा लावून वाचलं. मग म्हणाली, "लग्नात बोलावलेलं नसताना गेली असतीस, तर पोटावर बोलली असतीस?"

"बोलावलं नसताना मी गेलेच नसते."

"आत्ता कुठे गेली होतीस?"

म्हणजे पोस्ट हा उघडा दरवाजा असतो की उघडी खिडकी? दरवाजा असेल तर आत जाऊन बोलावं. खिडकी असेल तर येता-जाता नुसतं बघावं, फार तर हात हलवावा. उद्यापासून हात हलवायचा.

५ फेब्रुवारी

माझं काही खरं नाही. कोणाचे तरी आजोबा वारले. फोटो इतका प्रेमळ, पांढऱ्याशुभ्र मिशा, की मला राहवलं नाही. मी लिहिलं, "ईश्वर त्यांच्या आत्म्यास चिरशांती देवो," आणि पाठवलं. मला काय माहीत, सुनेने फोनमध्ये अशी सोय करून ठेवलीय की आपल्या प्रत्येक उत्तराखाली दुकानाची ओळ आपोआप येते!

आलं ते असं: "ईश्वर त्यांच्या आत्म्यास चिरशांती देवो. शांत झोप, आयुष्यभराची! आजच भेट द्या."

पुसायला गेले तर पुसायचं कसं ते येईना, घाईघाईत तेच आणखी एकदा पाठवलं. मालक गोदामातून विचारत होते, "काय झालं, कोण गेलं?" मी म्हटलं, "एक आजोबा." "आपल्या ओळखीचे?" "आता झाले."

६ फेब्रुवारी

रात्रभर तळमळत होते. (ताई म्हणते मी ढाराढूर झोपले होते. तिला काय माहीत, ती तिच्या खोलीत!) सकाळी ती आपोआप येणारी ओळ काढून टाकली आणि माफी मागितली. लांबलचक, सगळं खरं खरं लिहून. जेवणाच्या सुट्टीत आजोबांच्या नातीचं उत्तर आलं. "आजोबा असते तर दाताची कवळी पडेपर्यंत हसले असते. कालपासून घरात कोणी हसलं नव्हतं. आजीला वाचून दाखवलं, ती हसली. मग रडली. पण आधी हसली."

मी काउंटरमागे खाली बसून डोळे पुसले. मालकांना वाटलं माझी पिन पडली, तेही शोधायला वाकले.

९ फेब्रुवारी

सापडलं! माझं काम मला सापडलं. त्याचं असं झालं की सकाळी दुकान उघडल्यावर गिऱ्हाईक येईपर्यंत मी पोस्टी चाळत होते, आणि लक्षात आलं, केवढी माणसं रात्री उठून लिहितात की झोप येत नाही! कोणी पंख्याचा फोटो टाकतो, कोणी नुसती तीन टिंबं. त्याखाली रात्री जागणारी बाकीची मंडळी "मलाही", "मलाही" म्हणतात आणि पुढे जातात. सकाळी ह्या लोकांना कोणी विचारत नाही.

मी विचारायला लागले. फक्त एवढंच लिहिते, "काल शेवटी झोप लागली का?" गादीचं नावसुद्धा काढत नाही.

काय उत्तरं येतात! एका बाईने लिहिलं, "चहा करायला उठले आणि ओट्यापाशी उभ्या उभ्या लागली." एकजण म्हणाला, "ऑफिसात पोचल्यावर लागली." एका कॉलेजातल्या मुलीने विचारलं, "तुम्ही खरंच दुकान आहात का आई आहात?" आई झाले नाही कधी, पण हे वाचून आनंदाने नुसत्या कळा यायच्याच बाकी राहिल्या! छे, काहीतरीच लिहिते मी. ताईने वाचलं तर म्हणेल भाषा सांभाळ.

१२ फेब्रुवारी

आज एक फारच मजेदार इसम भेटले. नाव नाही, नुसतं "घुबड" आणि घुबडाचं चित्र. पोस्ट अशी: "शेजारच्या खोलीत करवतीचा कारखाना पुन्हा सुरू. आज ओल्या लाकडांची पाळी आहे."

मी दुकानात एकटीच खो खो हसले. लिहिलं, "काल शेवटी झोप लागली का, घुबडराव? आणि कारखान्याचे मालक कोण?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. जरा दचकल्यासारखंच वाटलं. "झोप नाही. घरातलंच माणूस आहे. दिवसा बोलतं, रात्री घोरतं. आवाज बंद असा होतच नाही."

अरेरे! कसल्या माणसाबरोबर राहावं लागतंय बिचाऱ्यांना. माझ्या डोळ्यांसमोर चित्रच उभं राहिलं, भाड्याची खोली, जाडजूड मिशीवाला सोबती, पांघरूण घेऊन उताणा पडलेला. मी कळवळून लिहिलं, "अशा माणसाला दयामाया दाखवू नका. कुशीवर वळवा. वळला नाही तर सरळ ढकला."

उत्तर आलं, "नोंद घेतली."

किती व्यवस्थित बोलणं! ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर असणार.

१४ फेब्रुवारी

पहाटे मी पलंगावरून जवळजवळ खाली पडले. एक हात जमिनीला टेकला तेव्हा जाग आली. ताई दारात उभी होती. म्हणाली, "आवाज आला म्हणून आले. स्वप्न पडलं असेल." असेलही. पण कमरेला अजून कळ येतेय, जणू कोणी कोपर मारावं तशी.

१७ फेब्रुवारी

आज एका तरुण मुलाने लिहिलं, "काकू, आपलं काम करा ना." मी त्याला फक्त काल झोप लागली का एवढंच विचारलं होतं. क्षणभर तोंडावर पाणी मारल्यासारखं झालं. मग मी लिहिलं, "हेच माझं काम आहे." खाली इतक्या लोकांनी हसरे चेहरे टाकले की तो मुलगा स्वतःच म्हणाला, "सॉरी. नाही लागली. उद्या मुलाखत आहे." त्याला म्हटलं, लवकर आंघोळ कर आणि कपड्यांना आजच इस्त्री करून ठेव.

मालक मात्र खूश नाहीत. माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाले, "बाई, तुम्ही लोकांना झोपवताय. गाद्या कधी विकणार?"

"झोपले की उठतील, मालक. उठले की येतील."

"आणि बिनगादीचेच झोपले तर?"

माणूस व्यापारी आहे, त्याला काय सांगणार. महिनाअखेरपर्यंत एकजण तरी ह्या फोनमधून चालत दुकानात आला पाहिजे, नाहीतर फोन परत, असं म्हणाले. ह्या फोनशिवाय आता मला करमायचं नाही.

१९ फेब्रुवारी

योगायोग बघावा तर असा! सकाळी घुबडरावांनी कळवलं की ढकलून फार उपयोग होत नाही, माणूस परत उताणं होतं. मी त्यांना आमच्याकडची मानेला आधार देणारी उंच उशी सुचवली. आणि दुपारी दुकानात कोण यावं? ताई! इतक्या वर्षांत ती दुकानाची पायरी चढली नव्हती. तिने नेमकी तीच उशी मागितली.

"कोणासाठी?"

"तुझ्यासाठी. मान दुखते म्हणालीस."

मी कधी म्हणाले कोण जाणे, पण दिवसभरात इतकं बोलते की म्हणालेही असेन. मुद्दा तो नाही. मुद्दा हा की जी उशी मी परक्या माणसाला सुचवते ती माझ्या बहिणीलाही आपसूक पसंत पडते, म्हणजे माझी निवड किती अचूक! घुबडरावांनाही हे कळवलं. ते म्हणाले, "तुमच्या ताई हुशार दिसतात."

मी लिहिलं, "हुशार आहे, पण बोलत नाही. दगडाला पाझर फुटेल, आमच्या ताईला नाही."

त्यावर उत्तर आलं नाही. रोज लगेच लिहितात ते. आज नाही.

२३ फेब्रुवारी

एक मुलगी दुकानात आली आणि म्हणाली, "आजच भेट द्या म्हणाला होतात ना, म्हणून आले." मला आधी कळलंच नाही. मग तिने फोनमध्ये तो फोटो दाखवला, पांढऱ्याशुभ्र मिशा. नात! बरोबर आजी होती. आजीला तो दोघांचा मोठा पलंग आता नको होता. त्यावर झोपलं की हात बाजूला जातो म्हणाली.

आम्ही तिघींनी सगळ्या गाद्यांवर बसून पाहिलं, आजीने तर चपला काढून एकीवर आडवं होऊन डोळे मिटले. मालक पुढे आले तर मी त्यांना हातानेच थांबवलं. आजी बराच वेळ तशीच पडून होती. उठली ती म्हणाली, "ही द्या. हिच्यावर एकटंच मावतं."

मालक त्या गादीबरोबर स्वतः घरापर्यंत गेले. परत आल्यावर फोनबद्दल एक शब्द बोलले नाहीत. फोन माझा! जिंकले!

२६ फेब्रुवारी

आज घुबडरावांनी सगळ्यांसमोर न लिहिता खाजगीत लिहिलं. "एक गोष्ट घरात सांगायची आहे. तोंडातून निघत नाही."

आता पंचाईत. उघड पोस्टवर उत्तर देणं वेगळं आणि असं आत बोलावून घेणं वेगळं. अनोळखी माणसाने दाराशी बोलता बोलता बसायला खुर्ची द्यावी तसं. बसावं का? काय झालं विचारावं, की "होईल सगळं नीट" म्हणून निघावं? सुनेला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, दुकानाने अशा भानगडीत पडू नये." दुकानाने पडू नये हे बरोबर. पण लिहिणारा माणूस दुकानाशी बोलत नाहीये, माझ्याशी बोलतोय.

मी विचारलं, "काय गोष्ट?"

"दुसऱ्या गावात काम मिळतंय. रात्रपाळीचं. जागं राहणं हीच पात्रता. मनापासून जावंसं वाटतं. पण घरातलं माणूस एकटं पडेल."

रात्रपाळीचं, जागं राहायचं. पहारेकरी! म्हणजे ऑफिसातला मोठा हुद्दा वगैरे माझी कल्पनाच होती. पण मला त्यांच्याबद्दल आदर आणखी वाढला.

२७ फेब्रुवारी

काल घरी येऊन ताईला विचारलं (नाव न सांगता), की एखाद्याने असा सल्ला मागितला तर काय सांगावं? ताई हातातला कप पुसत होती. एकच कप कितीतरी वेळ पुसत होती. म्हणाली, "तुला जे खरं वाटतं ते सांग."

म्हणून आज सकाळी लिहिलं. अगदी मन लावून लिहिलं. "जा! घोरणाऱ्या माणसासाठी कोणी आपलं आयुष्य अडवून ठेवतं का? तो काय कुकुलं बाळ आहे? शिकेल एकटा राहायला. फक्त चोरून जाऊ नका आणि चिठ्ठीबिठ्ठी ठेवू नका. समोर बसून सांगा. जेवताना नको, घास अडकतो. चहाला सांगा, चहा अर्धा झाल्यावर. आधी पाण्याचा ग्लास भरून शेजारी ठेवा. आणि कारणं देत बसू नका. ठरलंय, एवढंच म्हणा. तो रडला तर रडू द्या. मी सांगते, तो सावरेल."

पाठवून झाल्यावर मला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की गाद्या पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याला आपणहून चहा पाजला.

उत्तर संध्याकाळी आलं. "नोंद घेतली. आभारी आहे. खरंच."

१ मार्च

घडलं तसंच लिहिते.

आज रविवार. दुपारी ताईने चहा केला. ती समोर बसली. मी नेहमीसारखी काहीतरी सांगत होते, बहुतेक त्या मुलाखतवाल्या मुलाबद्दल, त्याला नोकरी लागली. कप अर्धा झाला. ताई म्हणाली, "जरा थांब. मला एक सांगायचंय. मी जाणार आहे. माझी मैत्रीण वॉर्डात बरोबर होती ना, तिने समुद्राकाठच्या गावात आजारातून उठलेल्यांसाठी विश्रामगृह काढलंय. रात्री जागं राहणारं माणूस हवंय तिला. माझं ठरलंय."

मी रडायला लागले. असं हमसाहमशी, तोंडात बिस्कीट असताना. आणि ताईने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

भरलेला. आधीपासून शेजारी ठेवलेला.

मी त्या ग्लासाकडे बघितलं. मग ताईकडे बघितलं. ताई ग्लासाकडे बघत होती.

माझं रडणं मधल्यामध्ये थांबलं. उचकी लागली. मी म्हटलं, "घुबडराव?"

२ मार्च

ताईशी बोलले नाही. कोणाच्याच पोस्टवर गेले नाही. मालकांनी विचारलं बरं नाही का. म्हटलं, बरी आहे.

मी घोरते?

४ मार्च

दोन दिवस तोंड मिटून राहिले, माझ्या जिवाचं काय झालं ते मलाच माहीत. आज मात्र दारातून आत येता येताच फुटले.

"मला सांगायचं सोडून तू दुकानाला सांगितलंस!"

"दुकान विचारत होतं," ताई म्हणाली.

"म्हणजे काय? मी रोज तुझ्याशी बोलते!"

"बोलतेस."

बस, एवढंच. पण त्या एका शब्दात तिने काय काय घातलं होतं! मी पायातली चप्पल तशीच ठेवून उभी राहिले. ताई पुढे म्हणाली, आणि ती एका दमात एवढं बोललेली मी कधी ऐकलं नव्हतं, "आयुष्यभर रात्री जागले. निवृत्त झाले म्हणून शरीराला कोणी कळवलं नाही. वर्ष झालं, रोज रात्री छताकडे बघत पडते. तुला कळलं नाही, कारण तू झोपलेली असतेस, आणि सकाळी तुला सांगायचं खूप असतं. मग एक दिवस सकाळी दुकानातून विचारलं, काल झोप लागली का. मला माहीत होतं कोण विचारतंय. तरी बरं वाटलं. वाटलं, ही मलाच विचारतेय असं धरून चालू."

मी म्हटलं, "मला ढकललंस तू पलंगावरून!"

"तूच सांगितलंस."

"कोपर मारलंस!"

"दयामाया दाखवू नका म्हणालीस."

मग कोण आधी हसलं ते आठवत नाही. मी दाराला टेकले, ताई खुर्चीत वाकडी झाली, तिचा चष्मा पडला. मी तिला माझी वाक्यं मोठ्याने वाचून दाखवली, "तो काय कुकुलं बाळ आहे," आणि मिशीवाल्या सोबत्याचं वर्णनही सांगितलं, तेव्हा तर ती पोट धरून "पुरे, पुरे" म्हणायला लागली. वरच्या मजल्यावरच्यांनी जमिनीवर काहीतरी आपटलं.

हसून झाल्यावर घर एकदम रिकामं वाटलं. ताई म्हणाली, "नको जाऊ म्हणालीस तर नाही जाणार."

म्हणावंसं वाटलं. जिभेवर आलं होतं. पण परक्या माणसाला "जा" म्हणायचं आणि आपल्या माणसाला "राहा", हे कसं? सल्ला लिहिला तेव्हा मला तिच्या मनातलं दिसत होतं आणि मध्ये मी नव्हते. मी म्हटलं, "नोंद घेतली. जा तू."

११ मार्च

ताईचं सामान भरणं चालू आहे. म्हणजे ती भरते आणि मी त्यात वस्तू टाकते, ती काढते. दुकानात पुन्हा लोकांना विचारायला लागलेय. मध्ये गप्प होते तर पुष्कळांनी चौकशी केली होती. आता फरक एवढाच, विचारून झालं की थांबते. उत्तर वाचते. लगेच आपली गोष्ट सांगत नाही. फार जड जातं. एकदा तर दोन्ही हात मांडीखाली घालून बसले.

१६ मार्च, सकाळी

हे मी समुद्राकाठी लिहितेय. अंगात ताईचा गाऊन, पायात ताईच्या मैत्रिणीच्या चपला. सगळं नीट सांगते.

काल ताईला बसवर सोडायला गेले. पिशव्या वर ठेवायला म्हणून आत चढले. ताईच्या शेजारी विणकाम करणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. अनोळखी, पण चेहरा चांगला. मी त्यांना म्हटलं, "ही माझी ताई. हिला पाठीला वारा सोसत नाही, पण सांगणार नाही, तुम्हीच खिडकी ओढून घ्या. भूक लागली तरी सांगणार नाही. हिने काही विचारलं नाही तर घमेंडी समजू नका, आणि हिच्याकडून काही काढून घ्यायचं असेल तर..." ताई म्हणत होती, "अगं बस." मला वाटलं, गप्प बस म्हणतेय. ती म्हणत होती, अगं, बस निघाली!

वळण घेतल्यावर मी त्या बाईंच्या मांडीवर, लोकरीच्या गुंड्यात. कंडक्टर म्हणाले, "मध्ये थांबत नाही. पुढच्या थांब्याला उतरा." त्या बाई उठून मागच्या सीटवर गेल्या आणि मला म्हणाल्या, "बसा हो, तुमचं अजून संपलेलं दिसत नाही."

मी मालकांना फोन लावला. "मालक, उद्या दुकानात येत नाही."

"का? कुठे आहात?"

"बसमध्ये."

"कधी उतरणार?"

तेवढ्यात पुढचा थांबा आला. कंडक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी पर्स छातीशी धरून उठले. आणि ताईने, जिने आयुष्यात कधी ठरल्यापेक्षा वेगळं काही केलं नाही, तिने माझा हात धरून मला खाली बसवलं आणि म्हणाली, "हिचं एक तिकीट द्या. शेवटपर्यंतचं."

मालक फोनवर "हॅलो, हॅलो" करत होते. मी म्हटलं, "शेवटी उतरणार."

मग मी ताईला विचारलं. मला विचारायचं होतं ते इतकं साधं होतं की लाज वाटली. म्हटलं, "ताई, रात्रपाळीला तू काय करायचीस गं? म्हणजे औषधं देऊन झाल्यावर, सगळं शांत झाल्यावर?"

ताई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मी हात मांडीखाली घातले.

"काहींना झोप यायची नाही," ती म्हणाली. "दुखत असायचं, भीती वाटत असायची. औषध एका मर्यादेपर्यंत. मग मी त्यांच्याजवळ स्टूल घेऊन बसायचे आणि त्यांना काहीतरी सांगायचे."

"तू? सांगायचीस?"

"हं."

"काय सांगायचीस?"

"तुझ्याबद्दल." ताईचे कान लाल झाले होते. "तू दिवसभरात काय काय केलंस ते. संध्याकाळी ड्यूटीला निघायच्या आधी तू जे जे बोलायचीस ते सगळं मी लक्षात ठेवायचे. रात्री ते कामाला यायचं. माणसं हसायची, हसता हसता झोपायची. बरी झालेली माणसं घरी जाताना विचारायची, तुमच्या धाकटीचं पुढे काय झालं?"

म्हणजे माझ्या बढतीच्या कितीतरी आधीपासून कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांना मी झोपवत होते, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी तर इकडे समजत होते की ताई ऐकतच नाही.

मी म्हटलं, "एखादी सांग ना."

"तुझीच आहे. तुला माहीत आहे."

"तरी सांग."

ताईने मागे वळून पाहिलं. विणकामवाल्या बाईंनी सुया थांबवल्या होत्या. ताईने घसा साफ केला आणि मी एकदा अनोळखी लोकांच्या साखरपुड्यात चुकून जेवून आले होते ती गोष्ट सांगायला लागली. काय सांगते ती! हात फिरवून, माझा आवाज काढून, मधेच थांबून. बाई हसल्या, पलीकडचे म्हातारे गृहस्थ हसले, कंडक्टर तिकिटांची पेटी घेऊन आमच्या सीटपाशीच उभे राहिले. एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी, समुद्र दिसायला लागेपर्यंत.

त्यातले निम्मे तपशील साफ चुकीचे होते. मी एकही दुरुस्त केला नाही.